माळवदावरील पाण्याचा निचरा

माळवदावरील पाण्याचा निचरा म्हणजे मातीच्या सपाट छतावर पडणारे पावसाचे पाणी उतार, कठड्यातील वाट आणि पन्हळ यांच्या साहाय्याने भिंतीपासून दूर नेऊन सोडण्याची पारंपरिक व्यवस्था होय. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, विशेषतः मराठवाडा व सोलापूर भागात ही व्यवस्था दीर्घकाळ प्रचलित होती. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम व त्याभोवतीची गावे याच प्रदेशात मोडतात.

निचरा नीट न झाल्यास छत गळते. गळती थांबविण्यासाठी छतावर दरवर्षी नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने छतांचे वजन पिढ्यानपिढ्या वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात झालेल्या जीवितहानीच्या कारणांत दुर्बल दगडी भिंतींबरोबर या जड छतांचाही समावेश होतो. थंड प्रदेशांत छताच्या कडेवरील पाण्याचा प्रश्न पन्हळीत गोठणाऱ्या बर्फाच्या रूपाने उद्भवतो आणि त्यासाठी विद्युत हीटिंग केबल वापरली जाते. दोन्ही प्रश्नांतील साम्य या लेखात पुढे दिले आहे.

## नावे व प्रसार

मातीच्या सपाट छताला मराठवाडा, सोलापूर आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व भागात ‘माळवद’ म्हणतात. खानदेश व विदर्भात ‘धाबे’ हा शब्द रूढ असून अशा घराला ‘धाब्याचे घर’ म्हटले जाते. सीमेपलीकडील कन्नड भाषेत ‘माळिगे’ हा शब्द आहे. छतावरील पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला किंवा चराला पन्हळ, पन्हाळ किंवा परनाळ असे म्हणतात.

छताचा आकार बहुतांशी पावसाच्या प्रमाणावर ठरतो. कोकणात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे तीव्र उताराची कौलारू छपरे आढळतात. या छपरांवरून पाणी पागोळ्यांच्या रूपाने वळचणीखाली पडते. धाराशिव जिल्ह्यात सर्वसाधारण वर्षी सुमारे ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो व तो मोजक्या दिवसांत पडतो. वर्षाचा उरलेला काळ कोरडा आणि उन्हाळा कडक असतो. अशा हवामानात मातीचे जाड छत दिवसाची उष्णता घरात शिरू देण्यास विलंब लावते. त्याशिवाय धान्य, डाळी व मिरच्या वाळविणे, कडबा रचणे आणि उन्हाळ्यात रात्री झोपणे या कामांसाठीही ते उपयोगी पडते.

## छताची रचना

माळवदाच्या घराची मोजणी खणांत करतात. लाकडी खांबांच्या दोन ओळींमधील अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा फोडलेल्या लाकडाची किलच अंथरली जाते. कड्या व फळ्या यांच्या नीटस छताला ‘कडीपाट’ म्हणतात. साध्या घरात फळ्यांऐवजी तुराट्या किंवा पऱ्हाट्या वापरल्या जात. त्यांवर पाला पसरतात. वाळवीला आळा बसावा म्हणून अनेक ठिकाणी कडुलिंबाचा पाला वापरला जातो. पाल्यावर चिखलाचा थर आणि त्यावर कोरड्या मातीचा जाड थर देऊन तो चोपून घट्ट केला जातो. प्रकाश येण्यासाठी व धूर बाहेर जाण्यासाठी छतात झरोके ठेवतात. त्यांना साणे म्हणतात.

छतासाठी कोणती माती वापरायची हे अनुभवाने ठरलेले होते. शेतातील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तिला खोल भेगा पडतात, त्यामुळे वरच्या थरासाठी ती निरुपयोगी ठरते. त्याऐवजी गावठाणातील पांढरी माती किंवा खारी, चोपण माती वापरली जाई. जमिनीच्या जुन्या वर्गीकरणात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. चोपण मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असते. ती ओली झाली की तिचे बारीक कण विखुरतात व सूक्ष्म छिद्रे बुजवितात, त्यामुळे पाणी खाली झिरपण्याचा वेग फार कमी होतो. शेतीसाठी दोष ठरणारा हा गुण छतासाठी मात्र उपकारक होता.

## निचऱ्याची व्यवस्था

माळवद सपाट दिसले तरी ते पूर्णपणे समपातळीत नसते. माती चोपताना एका किंवा दोन कडांकडे हलका उतार दिला जातो. उतार फार ठेवला तर पाणी वेगाने वाहून माती धुऊन नेते आणि फार कमी ठेवला तर पाणी साचते. छताच्या कडेने मातीचा किंवा दगडाचा बुटका कठडा असतो. उताराच्या खालच्या टोकाला कठड्यात वाट ठेवून तिथे पन्हळ बसवितात.

पूर्वी पन्हळ कोरलेल्या दगडाची, पोखरलेल्या लाकडाची किंवा भाजलेल्या मातीची असे. नंतर पत्र्याची पन्हळ प्रचारात आली. पन्हळीचे तोंड भिंतीपासून पुरेसे बाहेर असणे महत्त्वाचे असते. पाणी भिंतीलगत पडले तर त्याचे शिंतोडे उडून भिंतीच्या पायथ्याची माती धुपते आणि जोत्यात ओल शिरते. पन्हळीखाली जमिनीवर फरशी किंवा दगड बसवून पुढे पाण्याला चर काढून देण्याची पद्धत होती.

पाण्याचे प्रमाण साध्या गणिताने काढता येते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. त्यानुसार ५० चौरस मीटरच्या माळवदावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे २,५०० लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४२ लिटर पाणी बाहेर पडावे लागते. यातील काही पाणी माती शोषून घेते, उरलेले सर्व पन्हळीवाटे जाते. त्यामुळे मोठ्या छतांना एकाहून अधिक पन्हळी ठेवल्या जात.

## वार्षिक देखभाल

माळवदाची डागडुजी मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पूर्ण करण्याचा प्रघात होता. या कामात पुढील बाबी येत:

* छतावर उगवलेले गवत व झुडपे मुळासकट काढणे
* उन्हाने पडलेल्या भेगा व उंदीर-घुशींची बिळे बुजविणे
* खोलगट झालेल्या जागा भरून उतार पुन्हा जुळविणे
* पन्हळीत अडकलेली माती, पाला व पक्ष्यांची घरटी काढणे
* कठडा व पन्हळ यांच्यातील सांधा चिखलाने लिंपणे
* पांढऱ्या मातीचा नवा थर टाकून चोपणे

यांतील पहिली पाच कामे पाणी वाहते ठेवण्यासाठी असतात. सहावे काम झिजलेली माती भरून काढते. पावसाने जितकी माती वाहून गेली तितकीच नवी टाकली तर थराची जाडी कायम राहते. प्रत्यक्षात मात्र गळती दिसली की तिचे मूळ न शोधता वर आणखी माती टाकणे हा सर्वांत सोपा उपाय ठरे. जुना थर खरवडून काढण्यास अधिक श्रम लागत असल्याने ते काम सहसा टाळले जाई.

## निचरा बंद पडण्याचे परिणाम

पन्हळ तुंबली की पाणी कठड्याच्या आत साचते. साचलेल्या पाच सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ५० किलोग्रॅम असते. थोड्या वेळासाठी हा भार छत पेलू शकते, पण साचलेले पाणी हळूहळू मातीत मुरते. त्यानंतरचे परिणाम टप्प्याटप्प्याने दिसतात.

पहिल्या टप्प्यात छताच्या आतील बाजूस ओलीचे डाग उमटतात. दुसऱ्या टप्प्यात किलच व कड्यांची टोके कुजतात किंवा त्यांना वाळवी लागते. भिंतीत रुतलेली टोके हवा न लागल्याने अधिक लवकर खराब होतात. तिसऱ्या टप्प्यात पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते. या भागातील पारंपरिक भिंती काळ्या दगडाच्या व मातीच्या जोडणीच्या असत. त्यांचे आतील व बाहेरील असे दोन पदर असून मधली पोकळी बारीक दगड व मातीने भरलेली असे. गाभ्यातील माती भिजून खचली की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला बाहेरून फुगवटा येतो. म्हणून भिंतीला आलेला फुगवटा अनेकदा वरच्या पन्हळीतील दोष दाखवून देतो.

## मातीचा थर आणि छताचे वजन

चोपलेल्या मातीचे वजन दर घनमीटरला साधारण १,६०० ते १,८०० किलोग्रॅम असते. म्हणजे एक चौरस मीटरवर टाकलेला दहा सेंटिमीटरचा थर सुमारे १७० किलोग्रॅम भरतो. ओली माती याहून जड असते. भूकंपग्रस्त भागातील अनेक जुन्या घरांवर मातीचा थर अर्ध्या मीटरहून अधिक जाड होता. विविध छतांच्या वजनाची ढोबळ तुलना पुढीलप्रमाणे आहे.

| छताचा प्रकार | दर चौरस मीटर वजन (सुमारे) |
|---|---|
| लोखंडी पत्रा | ५ ते ८ किलोग्रॅम |
| मंगळुरी कौले, पट्ट्यांसह | ६५ किलोग्रॅम |
| सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, १० सेंटिमीटर | २५० किलोग्रॅम |
| मातीचा थर, २० सेंटिमीटर | ३४० किलोग्रॅम |
| मातीचा थर, ६० सेंटिमीटर | १,०२० किलोग्रॅम |

मातीच्या आकड्यांत लाकडाचे वजन धरलेले नाही. साठ सेंटिमीटर थर असलेल्या वीस चौरस मीटरच्या खोलीवर केवळ मातीचे वजनच वीस टनांहून अधिक होते. स्थिर अवस्थेत असे छत वर्षानुवर्षे उभे राहू शकते. भूकंपात मात्र इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. जमिनीचा हादरा तोच असला तरी जड छत आपल्या खालच्या भिंतींना व खांबांना हलक्या छताच्या कित्येक पट जोराने ढकलते.

## १९९३ चा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती आणि केंद्र उथळ होते. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले, आता लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर या गावांना सर्वाधिक फटका बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि पहाटे बहुतेक लोक घरात झोपेत होते. सरकारी आकडेवारीनुसार ७,९२८ लोक मृत्युमुखी पडले.

या तीव्रतेच्या मानाने प्राणहानी फार मोठी होती. तिच्या कारणांत घरांच्या रचनेचा वाटा महत्त्वाचा होता. दगडी भिंतींच्या दोन पदरांना सांधणारे लांब दगड नव्हते, त्यामुळे हादऱ्याने पदर सुटून भिंती कोसळल्या. जेथे कड्या थेट भिंतींवर टेकलेल्या होत्या तेथे भिंतींबरोबर छत खाली आले आणि झोपलेली माणसे दगड व मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. जेथे छताचा भार स्वतंत्र लाकडी खांबांवर होता आणि लाकूड शाबूत होते, अशा अनेक घरांत भिंती पडूनही खणांचा सांगाडा व छत उभे राहिले. लाकडाचे सांधे मजबूत राखणे, म्हणजेच ते पाण्यापासून वाचविणे, किती महत्त्वाचे होते हे यातून दिसून आले.

भूकंप पावसाळ्याच्या अखेरीस झाला. त्या काळात माळवदावरील मातीत ओलावा असतो व ती उन्हाळ्यातील मातीपेक्षा जड असते.

## भूकंपानंतरच्या सुधारणा

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसन कार्यक्रम राबविला. त्यात पूर्णपणे उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले आणि इतर गावांतील घरांची जागेवर पुनर्बांधणी, दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. पाडण्याची आवश्यकता नसलेल्या माळवदाच्या घरांसाठी सुचविलेल्या उपायांत पुढील बाबींचा समावेश होता:

* छतावरील जादा माती काढून थर सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत कमी करणे
* मातीच्या थरात प्लॅस्टिकचा जलरोधक कागद अंथरणे
* खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी किंवा लोखंडी आधार बसविणे
* भिंतीचे दोन पदर सांधणारे दगड किंवा काँक्रीटचे जोड घालणे
* भिंतीच्या वरच्या भागात सभोवार प्रबलित काँक्रीटची पट्टी देणे

यांतील पहिले दोन उपाय एकमेकांवर अवलंबून आहेत. पाणी अडविण्याचे काम मातीच्या जाडीकडून काढून जलरोधक कागदाकडे दिल्यानंतरच माती कमी करणे शक्य होते. उतार व पन्हळ मात्र पूर्वीप्रमाणेच आवश्यक राहतात, कारण साचलेले पाणी कागदाच्या सांध्यांतूनही आत शिरू शकते.

भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयएस १३८२७ व आयएस १३८२८ या मानकांत अनुक्रमे मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढविण्याचे मार्गदर्शन आहे. भूकंपापूर्वी हा परिसर देशाच्या भूकंपप्रवणता नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात घेण्यात आला.

## थंड प्रदेशांतील समांतर प्रश्न

छताच्या कडेवर पाणी अडणे हा प्रश्न उष्ण प्रदेशापुरता मर्यादित नाही. लडाखमध्ये पॉप्लरच्या वाशांवर विलोच्या काड्या व माती घालून केलेली सपाट छते आहेत. तेथे पाऊस अत्यल्प असून हिवाळ्यातील बर्फ वितळण्यापूर्वीच फावड्याने खाली लोटला जातो.

उत्तर अमेरिका व उत्तर युरोपात उतरत्या छपरांवर वेगळी अडचण येते. घरातील उष्णता माळ्यावर पोहोचून छपराच्या मधल्या भागावरील बर्फ खालून वितळविते. ते पाणी उतारावरून वळचणीकडे येते. वळचण भिंतीबाहेर असल्याने थंड असते व तेथे पाणी पुन्हा गोठते. हळूहळू कडेवर बर्फाचा बांध तयार होतो, पन्हळ व तिच्याखालचा उतरता नळ बर्फाने भरतात आणि मागे अडलेले पाणी छपराच्या आच्छादनाखालून घरात शिरते.

यावर हीटिंग केबल, म्हणजे विद्युतप्रवाहाने तापणारी तार वापरतात. ती वळचणीवर नागमोडी, पन्हळीत सरळ आणि नळात अगदी खालच्या तोंडापर्यंत सोडली जाते. नळाचे खालचे तोंड गोठलेले राहिले तर वर वितळलेले पाणी पुन्हा तुंबते, म्हणून केबल मध्येच संपवून चालत नाही. केबलचे मुख्य प्रकार दोन आहेत. एका प्रकारात सर्वत्र ठरावीक उष्णता निर्माण होते. दुसऱ्या, स्वयंनियंत्रित प्रकारात दोन समांतर तारांमध्ये कार्बनमिश्रित प्लॅस्टिकचा गाभा असतो. थंडीने गाभा आकसला की कार्बनकणांतील संपर्क वाढून अधिक प्रवाह वाहतो व उष्णता वाढते. गाभा तापून प्रसरण पावला की प्रवाह कमी होतो. अशी केबल साधारणतः मीटरला १५ ते ४० वॅट वीज घेते. २० वॅटची ३० मीटर केबल चोवीस तास चालू राहिल्यास १४.४ युनिट वीज खर्च होते, म्हणून तापमान व ओलावा ओळखणारे स्वयंचलित बटण तिला जोडतात. केबल पाण्यात असल्याने विद्युतगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बसविणे आवश्यक असते.

केबलमुळे संपूर्ण छपरावरील बर्फ वितळत नाही. पाणी बाहेर पडण्यापुरती वाट तेवढी मोकळी राहते. बर्फाचा बांध तयार होण्याचे मूळ कारण घरातून छपराकडे जाणारी उष्णता हे आहे. माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे, फटी बुजविणे व छपराखाली हवा खेळती ठेवणे हे त्यावरील कायमचे उपाय होत. माळवदाबाबतही असाच भेद दिसतो. वर माती टाकल्याने गळती काही काळ थांबते, परंतु उतार व पन्हळ दुरुस्त केल्याशिवाय तिचे कारण दूर होत नाही. फरक असा की हीटिंग केबलच्या तात्पुरत्या उपायाची किंमत विजेच्या बिलात दरमहा दिसते, तर मातीच्या उपायाची किंमत छताच्या वजनात नकळत साठत जाते.

## सद्यस्थिती

भूकंपानंतर या भागात माळवदाची नवी घरे बांधणे जवळपास थांबले. त्यांची जागा सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबने व पत्र्याच्या छपरांनी घेतली. जुने वाडे व घरे काही गावांत अजून वापरात आहेत. अशा घरांत मातीच्या थराची जाडी मोजणे, जादा माती टप्प्याटप्प्याने व सर्व बाजूंनी सारखी काढणे आणि कड्यांची भिंतीतील टोके तपासणे ही सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची कामे ठरतात. माती एकाच बाजूने काढल्यास सांगाड्यावर असमान भार येतो.

स्लॅबच्या घरांतही निचऱ्याचा प्रश्न संपलेला नाही. उतार चुकल्यास किंवा उतरत्या नळाचे तोंड पाला व कचऱ्याने बुजल्यास स्लॅबवर पाणी साचते, ते आत झिरपून लोखंडी सळ्या गंजतात व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. नळाच्या तोंडाशी जाळी बसविणे आणि ती पावसाळ्यापूर्वी साफ करणे हे पन्हळ साफ करण्याच्या जुन्या कामाचेच नवे रूप आहे.

या प्रदेशाला वारंवार दुष्काळाचा सामना करावा लागतो. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ पासून काही काळ मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे छतावरील पाणी बाहेर टाकून देण्याऐवजी साठविण्याकडे किंवा विंधन विहिरीत मुरविण्याकडे कल वाढला आहे. ५० चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती आले, तर सुमारे २८,००० लिटर पाणी मिळते. त्यासाठी पहिल्या पावसाचे गढूळ पाणी वेगळे सोडून देणे आणि पुढील पाणी गाळून घेणे आवश्यक असते.

## हे सुद्धा पहा

* १९९३ लातूर भूकंप
* उमरगा तालुका
* वाडा (वास्तू)
* पर्जन्यजल संधारण